लहान मुलासह घरचा नाताळ

शास्त्रपाठ : लूक २:१–२४; मत्तय २:१–१२. सोबत वाचावे : निर्गम १२:२६–२७, अनुवाद ६:६–७.

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत मोठी धांदल उडते. मंदिराच्या भिंती सारवून पांढऱ्या करितात, पताका लावितात, कामट्यांचा तारा करून उंच काठीस बांधितात, शब्बाथ शाळेची थोर मुले मेंढपाळ व मागी होऊन नाटिकेची तालीम करितात, आणि प्रीतिभोजनासाठी घरोघर धान्य गोळा होते. हे सर्व उत्तम आहे व ते असेच चालावे. परंतु प्रिय बंधुभगिनींनो, त्या रात्री मंदिरात हजर असलेल्या एका जीवाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो जीव म्हणजे आईच्या मांडीवर असलेले तीन-चार वर्षांचे मूल. दुसरे गीत संपण्यापूर्वीच ते झोपी जाते. उपदेश त्याच्यासाठी नव्हता, नाटिका त्याने पाहिली नाही. सकाळी त्याच्या अंगात नवा सदरा घालितात व हाती करंजी देतात. ते विचारिते, "आज काय आहे?" आई म्हणते, "नाताळ." "नाताळ म्हणजे काय?" "नाताळ म्हणजे सण. खा गुमान."

ह्या उत्तराविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे.

वल्हांडणाचा विधी लावून देताना मोशेने इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांस जे सांगितले ते निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. तुमची मुले विचारतील की ही उपासना कशासाठी, तेव्हा तुम्ही त्यांस अमुक सांगा, असा त्याचा आशय आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. मूल विचारील हे देवाने आधीच गृहीत धरिले आहे. मुलाचा प्रश्न हा सणात पडलेला खोळंबा नसून सणाचाच एक भाग आहे. आणि उत्तर देण्याचे काम याजकावर सोपविलेले नाही. ज्या घरात कोकरू खावयाचे त्याच घरातील आईबापांनी ते द्यावयाचे आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातही शिकवणीची ठिकाणे सांगितली आहेत ती घरात बसण्याची, वाटेने चालण्याची, निजण्याची व उठण्याची. मंदिराचा तेथे उल्लेखही नाही.

आमच्या पुष्कळ कुटुंबांत ख्रिस्ती धर्म येऊन दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. जुन्या सणांचे शिक्षण घरातच होत असे. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविताना बापाच्या मागे मूल असे, दिवाळीची पणती आजी त्याच्या हातून लावून घेई. कोणी त्यास धडा दिला नाही, तरी ते सारे त्याच्या हाडीमासी खिळले. ख्रिस्ती झाल्यावर मिशनाकडून आम्हांस मंदिरातील उपासनेचा क्रम मिळाला, गीते मिळाली, प्रीतिभोजन मिळाले. घरात काय करावे हे मात्र फारसे कोणी दाखविले नाही, कारण ते ज्याचे त्याच्या घरातच ठरावयाचे असते. यामुळे जुने टाकले गेले आणि नवे नुसते मंदिरात राहिले. नाताळाच्या दिवशी घर रिकामे राहते, आणि मूल तर घरातच वाढते. शेजारच्या दिव्यांकडे पाहून ते मनाशी काय ताडा बांधीत असेल याचा आईबापांनी विचार करावा.

आता प्रथम आईबापांनी मूळ वृत्तान्त नीट पाहावा, म्हणजे मुलास सांगताना शास्त्रात नसलेल्या गोष्टी तोंडून जाणार नाहीत. लूकचे वाचन सावकाश करा. तेथे गोठा हा शब्द नाही, बैल व गाढव यांचाही उल्लेख नाही. चित्रांतील बैल व गाढव बहुधा यशयाच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनावरून आलेले आहेत. तेथे बैल आपल्या धन्यास व गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखते असे म्हटले आहे. लूकने सांगितली आहे ती केवळ गव्हाण. उतरण्यास जागा नव्हती असे तो म्हणतो. परंतु त्या जागेसाठी त्याने जो ग्रीक शब्द योजिला तोच पुढे बाविसाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांसह शेवटचे भोजन केले त्या पाहुण्यांच्या खोलीसाठी योजिला आहे. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात पैसे देऊन उतरण्याची जागा आहे, तेथे शब्द निराळा आहे. यावरून कित्येक शास्त्राभ्यासकांचे मत असे आहे की, मरीया व योसेफ एखाद्या गरीब नातलगाच्या घरीच उतरली असावी, आणि पाहुण्यांची खोली भरलेली असल्यामुळे बाळास घरातील गव्हाणीत ठेविले असावे. त्या देशातील शेतकऱ्यांच्या घरांत माणसे थोड्या उंच भागात निजत व गुरे त्याच छपराखाली खालच्या भागात बांधीत.

हे वर्णन वाचून आमच्या वाचकांस हसू येईल, कारण ते त्यांच्याच घराचे वर्णन आहे. मुंबईच्या मुलास गव्हाण म्हणजे काय हे चित्र काढून समजवावे लागते. तुमच्या मुलाने ती रोज पाहिली आहे; तिच्यात चढून मारही खाल्ला असेल. एवढा मोठा लाभ देवाने खेड्यातील मुलास दिला असता, आपण त्यास शहरातून आणिलेल्या कागदी बर्फाचे व कापसाची दाढी लाविलेल्या नाताळबाबाचे चित्र दाखवून नाताळ शिकवावा, हे आम्हांस मोठे नवल वाटते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी. नाताळाच्या चार दिवस आधी, दिवेलागणीच्या वेळी मुलास गव्हाणीजवळ न्या. घरी गुरे नसतील तर शेजाऱ्याच्या गोठ्यात न्या. शेजारी बहुधा नाही म्हणणार नाही. मुलाचा हात कडब्यात घालू द्या, बैलाचा ऊन श्वास त्याच्या हातावर येऊ द्या. मग इतकेच सांगा की, येशू तान्हा होता तेव्हा त्यास अशा जागी निजविले होते. त्या संध्याकाळी याहून अधिक काही सांगू नका. लहान मुलाचे मन म्हणजे अरुंद तोंडाची लोटी. घागर उपडी केली तर पाणी बाहेरच सांडते. मुलाने पुढे काही विचारले तर उत्तर द्या, न विचारले तर घरी या. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तीच गोष्ट सांगून तिला एक नवी जोड द्या. मुलास एकच गोष्ट दहादा ऐकावयास आवडते. कंटाळतो तो सांगणारा.

दुसऱ्या संध्याकाळची गोष्ट बाळंत्याची असावी. ह्या बाबतीत एक नाजूक प्रश्न आहे. पुष्कळ घरांत आजीने अद्याप बाप्तिस्मा घेतलेला नाही. सुनेस वाटते, आपल्या सणात सासूबाईंचे काय काम? आणि सासूस वाटते, ह्यांच्या देवात मला जागा नाही. आम्हांस उलट असे वाटते की, लूकच्या दुसऱ्या अध्यायाचे सातवे वचन समजावून देण्यास आजीइतके योग्य माणूस घरात दुसरे नाही. तान्ह्या बाळास बाळंत्यात कसे घट्ट गुंडाळावे, त्याची मान कशी धरावी, थंडीत शेगडी किती दूर ठेवावी, हे सुनेस तिनेच शिकविले आहे. तिला विनंती करा की, बाळास कसे गुंडाळितात ते नातवास एखाद्या चिंधीच्या बाहुलीवर करून दाखवा. ती दाखवीत असता आईने म्हणावे की, मरीयेने येशूस असेच गुंडाळिले. त्यास थंडी वाजत होती, तो रडतही असे. देव मनुष्य झाला हा सिद्धांत मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथांत मांडला आहे. मुलाच्या मनात तो ह्या वाटेने सहज शिरतो. आजीच्याही मनात काय शिरेल ते देव जाणे. तिला त्या वेळी उपदेश मात्र करू नये. तिला मानाने पाचारावे व काम झाल्यावर पहिली करंजी तिच्या हाती द्यावी.

तिसरी संध्याकाळ मेंढपाळांची. तुमच्या शिवारात धनगरांच्या मेंढ्या बसल्या असतील तर त्यांची पाले व राखणीची कुत्री मुलास दुरून दाखवा. हे लोक रात्री उघड्यावर जागत होते व त्यांसच प्रथम बातमी मिळाली, हे सांगा. देवदूताने तोंड उघडताच आधी त्यांचे भय घालविले, हेही विसरू नका. आमच्याकडे मूल गप्प बसावे म्हणून त्यास बागुलबुवाचे भय घालितात. ख्रिस्ती घरांतून कधी कधी "येशू बघतोय, मारील" असेही ऐकू येते. ज्याच्या जन्माची वार्ता भय दूर करण्याने सुरू झाली त्याचेच भय मुलास घालणे हे फार अनुचित आहे. अशाने मूल गप्प बसते खरे, परंतु त्या नावाशी त्याची गाठ भयाने बांधिली जाते, आणि ती सोडविण्यास पुढे पाळकास वर्षे लागतात.

चौथ्या संध्याकाळी, म्हणजे २४ तारखेस, दिवा लावावा. कित्येक वडील भावांस पणतीची शंका येते. ती दिवाळीची वस्तू आहे असे ते म्हणतात. आमचे मत असे की, दिवा ही कोणत्याही धर्माची मिरास नाही. आपण त्याची पूजा करीत नाही, तो कोणास ओवाळीत नाही. अंधारात प्रकाश आला एवढे मुलाच्या डोळ्यांस दिसावे म्हणून लावितो. घरातील इतर दिवे क्षणभर मालवून मुलाच्या हातून एक पणती लावून घ्यावी. याची जुनी उदाहरणे आहेत. १७४७ सालच्या डिसेंबरात जर्मनीतील मारियनबोर्न येथे मोरेव्हियन मंडळीचे योहान फॉन वाटेव्हिल यांनी मुलांच्या उपासनेत प्रत्येक मुलाच्या हाती तांबडी फीत गुंडाळलेली एकेक पेटती मेणबत्ती दिली. एवढ्याशा गोष्टीवरून निघालेली चाल पुढे देशोदेशी पसरली. कागदाचा बहुकोनी ताराही त्याच मंडळीच्या नीस्की येथील शाळेत, सुमारे १८३० साली, भूमितीच्या धड्यासाठी मुलांनी प्रथम केला असे सांगतात. आमच्या कामट्यांच्या ताऱ्यावर मुलाच्या हातून एक तरी कागद चिकटवून घ्यावा. तो वाकडा बसेल, बसू द्यावा.

गीताविषयी थोडेसे. मार्टिन लूथर याचे एक नाताळगीत १५३५ साली छापले गेले, त्याच्या मथळ्यावरच ते मुलांचे गीत आहे असे लिहिले होते. त्यात आधी देवदूत बातमी सांगतो व मग मुले बाळाचे स्वागत करितात. ज्या गृहस्थाने सर्व युरोपाशी वाद केला त्यास मुलांसाठी गीत रचणे हलके वाटले नाही. तुम्हांस गीत रचता येत नसेल तर जात्यावर ज्या चालीने ओवी म्हणता त्या चालीवर आईने दोन शब्दांचा प्रश्न करावा व मुलाने दोन शब्दांत उत्तर द्यावे : कोठे निजला? गव्हाणीत. कोण आले? मेंढके. जिला अक्षर येत नाही तीही बहीण हे करू शकते. किंबहुना तीच अधिक चांगले करील, कारण तिला सारे तोंडपाठ ठेवण्याची सवय आहे.

मागी लोकांची गोष्ट नाताळानंतर सांगण्यास ठेवावी. त्यांची संख्या मत्तयाने दिलेली नाही. देणग्या तीन, म्हणून माणसे तीन समजतात. ते आले तेव्हा बाळ घरात होते असेही मत्तय स्पष्ट सांगतो. तारखेविषयी कोणी वाद घातल्यास घाबरू नये. जन्माचा महिना वा दिवस शास्त्रात नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोम येथील ३५४ सालच्या एका संग्रहात आढळते, आणि आर्मेनियाची मंडळी आजही हा सण ६ जानेवारीस पाळते. आम्ही दिवसाची पूजा करीत नसल्यामुळे ह्याने आमचे काही बिघडत नाही.

हेरोदाने बालकांचा वध करविला तो भाग तीन-चार वर्षांच्या मुलास सांगू नये. ते रात्री दचकून उठेल. तथापि आईबापांनी तो स्वतः अवश्य वाचावा. ज्या घरातील पाळणा ह्या वर्षी रिकामा झाला आहे तेथे नाताळ फार जड जातो, आणि मंडळीतील आनंदी माणसे त्या घराच्या दारावरून लगबगीने पुढे जातात. मत्तयाने ख्रिस्तजन्माच्या वृत्तान्तातच राहेलीचे रडणे लिहून ठेविले आहे, तिला उगी राहा असे कोणी म्हटल्याचे लिहिलेले नाही. अशा घरी जाऊन बसावे. बोलण्याची घाई करू नये.

आता पैशाची गोष्ट, कारण तिच्यावाचून हा पाठ पुरा होत नाही. मुलाचे मन मोडू नये म्हणून दुकानदाराची उधारी काढून, किंवा मुकादमाच्या उचलीतून खर्चून, नवे कपडे व गोडधोड करण्याची रीत आमच्या मंडळ्यांत वाढत आहे. नाताळाचे कर्ज शिमग्यापर्यंत फिटत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायाचे चोविसावे वचन काढा. मरीया व योसेफ यांनी शुद्धीकरणाच्या वेळी काय अर्पण केले? होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले. लेवीय १२:८ पाहिल्यास कळेल की, जिला कोकरू आणण्याची ऐपत नाही त्या बाईसाठी ही सवलत होती. त्यांनी कोकरासाठी कर्ज काढिले नाही, आणि देवाच्या मंदिरात त्यांस त्याची लाज वाटली नाही. तीन वर्षांच्या मुलास सदऱ्याची किंमत कळत नाही. धुतलेला सदरा व घरच्या गुळाची करंजी त्यास पुरते. नव्या कपड्याची हौस बहुधा आपली असते आणि नाव मुलाचे असते.

याहूनही खोल अशी एक चूक आहे. "शहाण्यासारखा वागलास तर नाताळाला खेळणे मिळेल, नाहीतर नाही," असे कित्येक आईबाप म्हणतात. पोळ्याच्या किंवा पंचमीच्या वेळी असे म्हटले तर म्हटले. नाताळाच्या वेळी असे म्हणणे म्हणजे सुवार्ता उलटी करून सांगणे होय. देवाने आपला पुत्र दिला तो आम्ही शहाणे होतो म्हणून नव्हे. मुलास कृपा हा शब्द अजून दहा वर्षे समजणार नाही. परंतु सकाळी मस्ती करून मार खाल्लेल्या मुलास संध्याकाळी करंजी न मागता मिळाली, तर त्या शब्दाची चव त्यास आजच कळते. खोडीबद्दल शिक्षा करावयाची ती करा. तिचा हिशेब सणाच्या देणगीत धरू नका.

लूकच्या वृत्तान्ताप्रमाणे आठव्या दिवशी बाळाचे नाव ठेविले गेले. २५ पासून मोजल्यास आठवा दिवस १ जानेवारीस येतो. त्या संध्याकाळी मुलास त्याच्या स्वतःच्या नावाची गोष्ट सांगावी : ते कोणी ठेविले, कोणाच्या आठवणीने ठेविले. मग येशू ह्या नावाचा अर्थ सांगावा. तो मत्तय १:२१ मध्ये आहे. आमच्या गावांत पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते ही समजूत अद्याप सुटलेली नाही, ख्रिस्ती घरांतूनही कोणी हळूच कोरा कागद व लेखणी ठेवितात असे आमच्या कानी आहे. त्या बायांस रागावून ती समजूत जाणार नाही. ह्या बाळाचे नाव व काम त्याच्या जन्मापूर्वीच देवाने सांगून ठेविले होते, आणि आपल्या लेकरांचे आयुष्यही त्याच देवाच्या हाती आहे, हे दरवर्षी त्या दिवशी शांतपणे सांगत गेले म्हणजे कागद आपोआप ठेविनासा होईल.

शेवटी उपदेशक बंधूंस एक विनंती. नाताळाच्या दिवसांत आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ऊस तोडण्यास परगावी गेलेली असतात. म्हातारी माणसे मागे राहतात, लहान मुले आईबापांबरोबर फडावर जातात. तेथे मंदिर नाही, तारा नाही, आणि तारखेचे भानही राहत नाही. गाडी भरावयाची असली म्हणजे पहाटेच्या अंधारातच निघावे लागते. त्या मुलांस घरचा नाताळ मिळाला नाही तर कोणताच मिळत नाही. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वीच, दसऱ्याच्या सुमारास, अशा घरांची यादी करावी, आईस चारही संध्याकाळच्या गोष्टी तोंडी सांगून तिच्याकडून परत म्हणवून घ्याव्या, आणि बापास वाचता येत असल्यास लूकच्या दुसऱ्या अध्यायात दोरा घालून द्यावा. ह्या वर्षी ती वेळ निघून गेली असेल तर नाताळापूर्वी एकदा फडावर जाऊन यावे. कोपीत गव्हाण नसली तरी बैल दाराशीच बांधलेले असतात व त्यांच्यापुढे वाढे पडलेले असते. मुलास दाखविण्यास तेवढे पुरे आहे. जाताना पणत्या, वाती व थोडे तेल न्यावे. कोपी पाचटाची असते, ठिणगीने पेट घेते. यास्तव दिवा बाहेर मोकळ्या जागी, वाढ्यांपासून दूर, तीन दगडांच्या आडोशास लावण्यास सांगावे, आणि तो विझेपर्यंत कोणा मोठ्या माणसाने मुलाजवळ बसावे.